जिद्दीला रस्ताही लागतो

स्लालम हा मुळात बर्फावरचा शब्द. डोंगराच्या बर्फाळ उतारावर खांब रोवतात आणि स्कीपटूने त्या खांबांमधून डावी-उजवी वळणे घेत कमीत कमी वेळात खाली यायचे असते. आमच्या पेण तालुक्यात बर्फ दिसतो तो मासळीच्या टोपलीत आणि गोळेवाल्याच्या गाडीवर. तेव्हा या खेळाशी आपले काय नाते, असे कोणीही विचारील. पण १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूर भागातला एक माणूस स्लालमच्या अंतिम फेरीत होता. तिथे बर्फ नव्हता आणि उतारही नव्हता. सपाट मैदानावर अडथळे मांडले होते आणि त्यांच्यामधून वळणे घ्यायची होती ती चाकांच्या खुर्चीवर बसून.

हा माणूस म्हणजे मुरलीकांत पेटकर. त्याच स्पर्धेत त्यांनी भालाफेकीच्या दोन प्रकारांतही अंतिम फेरी गाठली आणि ५० मीटर फ्रीस्टाईल जलतरणात ३७.३३ सेकंदांत अंतर कापून सुवर्णपदक घेतले. ऑलिम्पिक असो की पॅरालिम्पिक, वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले भारतीय. पॅरालिम्पिकमधल्या पुढच्या सुवर्णासाठी देशाला २००४ पर्यंत, म्हणजे ३२ वर्षे थांबावे लागले. खुद्द पेटकरांना पद्मश्रीसाठी २०१८ पर्यंत थांबावे लागले. २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार मिळाला.

ही कथा आता बहुतेकांना माहीत आहे आणि ती नेहमी जिद्दीची कथा म्हणूनच सांगितली जाते. जिद्द होतीच, ती कोणी नाकारत नाही. पण पेण-रोहा पट्ट्यात वर्षानुवर्षे सरकारी रुग्णालयात काम करणारा डॉक्टर म्हणून माझे लक्ष पदकापेक्षा १९६५ ते १९७२ या मधल्या सात वर्षांवर खिळते. पाठीच्या कण्यात गोळी बसलेला माणूस सात वर्षांनी पोहण्याच्या तलावात जगातल्या स्पर्धकांना मागे टाकतो, तेव्हा त्या सात वर्षांत त्याच्यासाठी कोणी तरी बरेच काही केलेले असते. ते काय होते आणि आपल्या जिल्ह्यातल्या तशाच तरुणाला त्यातले किती मिळते, हा आजच्या लेखाचा विषय.

मधली सात वर्षे

पेटकर सैन्यदलाच्या ईएमई विभागात होते आणि मूळचे मुष्टियोद्धे. १९६४ मध्ये टोकियोला झालेल्या सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते भारताकडून खेळले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झाले. शरीरात अनेक गोळ्या घुसल्या, त्यातली एक कण्यात. वय जेमतेम वीस आणि कमरेखालचे शरीर लुळे.

हे नेमके काय होते ते समजून घेऊ. मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारी, साधारण करंगळीएवढी जाड अशी नसांची जुडी. मेंदूचा हुकूम हिच्यातून पायांपर्यंत जातो आणि पायाला चटका बसल्याची खबर हिच्यातूनच वर येते. ही जुडी तुटली किंवा चेंगरली की त्या जागेच्या खाली हालचाल जाते, संवेदना जाते आणि लघवी-शौचावरचा ताबाही जातो. मोडलेला मणका पट्टी आणि स्क्रू घालून सांधता येतो. तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जोडून पूर्ववत करण्याचा उपाय आजही वैद्यकाकडे नाही. नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर, ऑपरेशन झाले, आता चालायला कधी लागणार?’ या प्रश्नाचे खरे उत्तर पुष्कळदा कोणी त्यांना दिलेलेच नसते. ऑपरेशन मणक्यासाठी असते. ज्याचा मज्जारज्जू पूर्ण तुटला आहे त्याच्या पायांत त्याने जीव येत नाही.

मग अशा रुग्णाचा जीव कशाने जातो? आपल्याला वाटते त्या कारणांनी क्वचितच. पहिला शत्रू कातडीवरचा दाब. तुम्ही-आम्ही झोपेतसुद्धा कूस बदलतो, कारण एका जागी दाब पडला की अंग कुरकुरते. ज्याला कमरेखाली काही जाणवतच नाही त्याचे अंग कुरकुरत नाही. माकडहाड, खुबा, टाच या जागी हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दबून राहते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते मरते. सुरुवातीला रुपयाएवढा लाल डाग, मग फोड, मग हाडापर्यंत जाणारी जखम. या जखमेतून जंतू रक्तात शिरले की माणूस दगावतो. यावर उपाय कोणता, तर दर दोन तासांनी कूस बदलणे आणि रोज आरशाने किंवा दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाठ तपासणे. खुर्चीवर बसणाऱ्याने तर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांच्या जोरावर बूड उचलून धरायचे असते.

दुसरा शत्रू लघवी. मूत्राशय भरल्याची खबर वर पोचत नाही, ते पूर्ण रिकामेही होत नाही. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, दाब मागे मूत्रपिंडांवर येतो आणि काही वर्षांत मूत्रपिंडे निकामी होतात. गंमत अशी, की पेटकरांनी पदक घेतले त्याच १९७२ साली अमेरिकेतले डॉ. जॅक लॅपिडीस यांनी एक साधा उपाय जगापुढे मांडला. रुग्णाने स्वतःच, स्वच्छ धुतलेल्या हातांनी, दर चार ते सहा तासांनी बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे करायचे आणि नळी काढून टाकायची. हे शिकायला शाळा लागत नाही. शिकवणारी परिचारिका, थोडा आडोसा आणि लाज बाजूला ठेवण्याइतका विश्वास एवढे पुरते. या एका सवयीने जगभर असंख्य रुग्णांची मूत्रपिंडे वाचली. आपल्याकडे मात्र अजूनही कायमची नळी आणि पिशवी लावून घरी पाठवलेले रुग्ण दिसतात. काहींना कायमची नळी खरोखरच लागते. ज्याचे दोन्ही हात धड आहेत त्याला निदान दुसरा मार्ग दाखवला पाहिजे.

तिसरा शत्रू आखडणे. न हलणारे सांधे काही आठवड्यांत घट्ट होतात. गुडघे वाकडे झाले की माणसाला खुर्चीतही नीट बसता येत नाही. आणि चौथा शत्रू मनातला. कालपर्यंत घर चालवणारा माणूस आज कुशीवर वळायलाही दुसऱ्याला हाक मारतो. तो बोलणे कमी करतो, जेवण कमी करतो. घरचे म्हणतात, ‘त्याने हाय खाल्ली.’ वैद्यकात याला नैराश्य म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत.

पेटकर मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात होते तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्यांना व्यायाम म्हणून पाण्यात उतरवले. त्यामागे साधे शास्त्र आहे. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, त्यामुळे जमिनीवर जी हालचाल जमत नाही ती पाण्यात जमते. खांदे, छाती आणि दंड यांना जोर येतो, आणि खुर्ची ढकलणाऱ्या माणसाचे पाय म्हणजे त्याचे खांदेच. श्वास खोल होतो. पण मला यातली आणखी एक गोष्ट मोठी वाटते. पाण्यात तो माणूस कोणाच्या हाताशिवाय एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातो. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर उचलून ठेवल्या जाणाऱ्याला याची किंमत विचारा. (ज्याच्या अंगावर उघडी जखम आहे त्याने मात्र पाण्यात उतरू नये.)

आता त्या सात वर्षांच्या पायऱ्या मोजू. लष्करी रुग्णालय होते. तिथे मलमपट्टीच्या पुढे जाऊन व्यायाम शिकवणारी माणसे होती आणि पाण्याची सोय होती. १९६८ मध्ये इस्रायलमधल्या तेल अवीवच्या स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले. परदेशी जाण्याचा खर्च आला तेव्हा माजी कसोटी क्रिकेटपटू विजय मर्चंट मदतीला उभे राहिले. सैन्य सुटल्यावर पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी मिळाली. जिद्द पेटकरांची स्वतःची, पण तिच्या पायाखालची प्रत्येक पायरी कोणी तरी बांधलेली होती. एक जरी पायरी निखळली असती तरी तीच जिद्द घेऊन हा माणूस एखाद्या घराच्या ओटीवर पडून राहिला असता आणि आपल्याला त्याचे नावही कळले नसते.

दोन तासांची शिस्त

या पायऱ्या बांधण्याची कल्पना कुठून आली तेही सांगायला हवे. लुडविग गुटमन हे जर्मनीतले ज्यू मज्जासंस्थातज्ज्ञ. हिटलरच्या छळामुळे १९३९ मध्ये ते इंग्लंडला आले. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांच्याकडे स्टोक मँडविल इथल्या रुग्णालयात कण्याला दुखापत झालेल्या सैनिकांचा विभाग सोपवला गेला. त्या काळी असे रुग्ण फार दिवस जगत नाहीत असेच डॉक्टर धरून चालत. त्यांना झोपवून ठेवायचे, गुंगीची औषधे द्यायची आणि वाट पाहायची. गुटमन यांनी नवे औषध शोधले नाही. त्यांनी दिवसरात्र दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायला लावली आणि रात्री स्वतः फेरी मारून ते होते की नाही हे पाहिले. लघवीची काळजी घेतली. रुग्णांना बसवले, कामाला लावले, खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, रुग्णालयाच्या आवारात सोळा माजी सैनिक स्त्री-पुरुषांची चाकांच्या खुर्चीवरून तिरंदाजीची स्पर्धा झाली. तिचीच पुढे पॅरालिम्पिक झाली.

म्हणजे पॅरालिम्पिकचा जन्म क्रीडा खात्यात झाला नाही. तो रुग्णालयाच्या एका विभागात, उपचार म्हणून झाला. आपण हे उलटे करून ठेवले आहे. आपल्याकडे पदक आधी दिसते, मग सत्कार होतो आणि उपचाराचा तो विभाग मात्र कोणाला आठवत नाही.

बर्फावरचा दाखला

स्लालमच्या मूळ खेळाकडेही एकदा वळू, कारण तिथल्या एका निवृत्त स्कीपटूची कारकीर्द याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवते. मथियास लान्झिंगर हा ऑस्ट्रियाचा शर्यतपटू. तो सुपर-जी प्रकारात उतरायचा, ज्यात स्कीपटू ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतात. २ मार्च २००८ रोजी नॉर्वेतल्या क्विटफियेल इथे विश्वचषकाच्या शर्यतीत तो पडला. डाव्या पायाची नडगी उघडी मोडली आणि पायाला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्याही फाटल्या. शर्यतीच्या जागी सुसज्ज बचाव हेलिकॉप्टर नव्हते. त्याला आधी लिलेहॅमरला नेले, तिथून ऑस्लोला. रक्तवाहिन्या जोडण्याचे प्रयत्न झाले, तरी दोन दिवसांनी गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. जगातल्या श्रीमंत देशांपैकी एका देशात, विश्वचषकासारख्या स्पर्धेत हे घडले आणि त्यावर युरोपात बरीच टीका झाली.

पायाचा रक्तपुरवठा तुटला की घड्याळ सुरू होते. साधारण सहा तासांच्या आत तो पूर्ववत झाला नाही तर स्नायू मरू लागतात. हा नियम नॉर्वेला लागू आहे तसाच मुंबई-गोवा महामार्गालाही. हाताला-पायाला जबर मार लागल्यावर बोटे थंड, पांढरी किंवा निळी पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, किंवा दुखणे मारापेक्षा कितीतरी जास्त वाटू लागले, तर तो रात्र काढण्याचा प्रसंग नव्हे. घट्ट पट्टी किंवा प्लास्टर बांधल्यानंतर असे झाले तर ते लगेच सोडवून घ्यायचे असते. आपल्याकडे हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधलेला हात तीन दिवसांनी काळा पडून रुग्णालयात येतो, तेव्हा आम्हा डॉक्टरांच्या हातात फारसे काही उरलेले नसते. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक जिंकलेले सांगली जिल्ह्याचेच सचिन खिलारी हे लहानपणी सायकलवरून पडले होते. हात मोडला आणि पुढे गँगरीन झाल्याने तो कायमचा अधू झाला. मुलाचा मोडलेला हात ही साधी गोष्ट नसते, एवढे त्यातून घ्यावे.

लान्झिंगरच्या कथेचा दुसरा भाग मात्र वेगळा आहे. पाय गेल्यावर त्याला कृत्रिम पाय मिळाला, पुनर्वसन मिळाले, काम मिळाले. काही वर्षांनी तो अपंगांच्या शर्यतीत पुन्हा बर्फावर आला आणि २०१४ च्या सोची हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये त्याने दोन रौप्यपदके घेतली. मगच त्याने खेळातून निवृत्ती घेतली. पहिल्या काही तासांत व्यवस्था कमी पडली, तर पुढच्या काही वर्षांत ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. आपल्याकडे दोन्ही ठिकाणी काय होते?

आपल्या जिल्ह्याचे पंचांग

पहिल्या तासांच्या बाबतीत थोडी सुधारणा झाली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. महामार्गावर अपघात झाला तर लोक आता फोन करतात. पण रुग्णाला उचलण्याची पद्धत बदलली नाही. दोघे खांदे धरतात, दोघे पाय, मध्ये कंबर लोंबते आणि तशीच टेम्पोत किंवा रिक्षात कोंबतात. मणका मोडला असेल आणि मज्जारज्जू अजून शाबूत असेल तर तो या एका उचलण्यात जाऊ शकतो. उंचावरून पडलेल्या किंवा जबर आदळलेल्या माणसाला आगीसारखा धोका नसेल तर जागेवरच राहू द्यावे. उठवून बसवू नये, पाणी पाजायला मान उचलू नये. हलवावेच लागले तर डोके, मान, पाठ, कंबर एका रेषेत धरून, चार-पाच जणांनी मिळून, ओंडका फिरवतात तसे एकदम फिरवावे आणि फळीवर घ्यावे. दाराची फळी चालते. आमच्या जोह्यात घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत, तिथे मूर्ती ठेवायच्या फळ्यांना तोटा नाही. मूर्ती हलवताना आपली माणसे जी काळजी घेतात तेवढीच माणसाला उचलताना घेतली तरी पुष्कळ होईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी अडीच ते पाच लाख लोकांच्या मज्जारज्जूला इजा होते. आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांच्या बरोबरीने उंचावरून पडणे हे त्याचे मोठे कारण. आमच्याकडे तर याचे पंचांगच मांडता येईल. एप्रिल-मे महिन्यांत आंब्यावरून पडलेले येतात. पावसाच्या तोंडावर कौले शाकारताना घसरलेले येतात. नारळ-सुपारीवरून पडणाऱ्यांना ऋतू नसतो. श्रावणात गोपाळकाल्याला थरावरून कोसळलेले गोविंदा येतात. बहुतेक सगळे पंचवीस-तिशीचे, कमावते.

दहीहंडीला राज्य सरकारने २०२२ मध्ये साहसी खेळाचा दर्जा दिला आणि जखमी व मृत गोविंदांसाठी आर्थिक मदत जाहीर केली. मदतीला माझा विरोध नाही, ती मिळालीच पाहिजे. पण धनादेश आणि फोटो झाल्यावर त्या मुलाला लघवीची नळी घालायला कोण शिकवते, हा माझा प्रश्न आहे. साहसी खेळ म्हणायचा तर साहसाच्या दुसऱ्या दिवशीची जबाबदारीही त्या दर्जाचाच भाग मानली पाहिजे.

पुढे काय होते त्याचा क्रम आता मला पाठ झाला आहे. शहरात मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होते. ती चांगली होते. दहा-बारा दिवसांत खाट रिकामी करावी लागते, कारण बाहेर दुसरा रुग्ण वाट पाहत असतो. कागदावर लिहिलेले असते, ‘फिजिओथेरपी घेणे, नियमित तपासणीस येणे.’ तो कागद घेऊन रुग्ण पेणच्या किंवा रोह्याच्या एखाद्या वाडीत येतो. ओटीवर खाट टाकतात. बायको, आई, कधी शाळेत जाणारी मुलगी त्याची सेवा करते. जीव तोडून करते, पण कूस दोन तासांनी बदलायची हे तिला कोणी सांगितलेले नसते. दोन महिन्यांनी तो आमच्याकडे येतो तो माकडहाडावर तळहाताएवढी जखम घेऊन, ताप अंगात भरलेला. ती जखम भरून यायला कित्येक महिने लागतात, अनेकदा प्लास्टिक सर्जरी लागते, आणि सगळ्यांचा पैसा जातो. शहरातल्या शस्त्रक्रियेसाठी सरकारी योजनेतून जो खर्च झाला तोही एका अर्थाने वाया जातो.

हा त्या आईचा दोष नाही, शहरातल्या डॉक्टरचाही नाही. दोष समजुतीचा आहे. आपण शस्त्रक्रियेला उपचार म्हणतो आणि पुनर्वसनाला नंतर जमले तर करायची गोष्ट समजतो. मज्जारज्जूच्या रुग्णाच्या बाबतीत खरा उपचार पुनर्वसन हाच आहे, शस्त्रक्रिया ही त्याची सुरुवात.

काय करता येईल

मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून आहे. पुण्यात खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे आणि तिथले जवान चाकांच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, तोंडात ब्रश धरून चित्रे काढतात. म्हणजे हे कसे करायचे ते महाराष्ट्राला माहीत आहे. प्रश्न आहे तो अंतराचा. कमरेखालून लुळ्या माणसाला रोह्याच्या आतल्या गावातून हाजी अलीला नेणे म्हणजे गाडीभाडे, सोबत दोन माणसे आणि त्या दोघांची बुडालेली मजुरी. एकदा जमते, दर आठवड्याला जमत नाही.

म्हणून ही व्यवस्था जिल्ह्यात आली पाहिजे. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी दहा खाटांचा स्वतंत्र पुनर्वसन विभाग असावा आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण घरी जाण्याआधी तिथे सहा-आठ आठवडे राहावा. त्याच्याबरोबर घरातल्या एका माणसाचेही शिक्षण व्हावे आणि दोघांना सगळे येते याची खात्री पटल्यावरच सुट्टी मिळावी. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टचे पद कागदावर न राहता माणसाने भरलेले असावे. आशाताई आज बाळंतिणीच्या घरी जातात, तशाच त्यांनी महिन्यातून एकदा अशा घरी जाऊन पाठ पाहावी. त्यासाठी त्यांना एका दिवसाचे प्रशिक्षण आणि योग्य मोबदला द्यावा. हवेची गादी, नळ्या आणि मापाची व्हीलचेअर औषधांसारखीच सरकारी पुरवठ्यातून मिळावी. शिबिरात वाटलेली एकाच मापाची खुर्ची पुष्कळदा अंगणात कोंबड्यांच्या कामी येते, कारण ती ना माणसाला बसते ना दारातून आत जाते.

यावर ठरलेले उत्तर येते, की सरकारी रुग्णालयात आधीच गर्दी, माणसे कमी, हे लाड कुठून करायचे? गर्दीत मीही रोज उभा असतो. पण जखम चिघळून पुन्हा पुन्हा भरती होणारा रुग्ण हीसुद्धा गर्दीच आहे, आणि ती आपणच तयार केलेली. दोन तासांनी कूस बदलायला शिकवणे हे या सगळ्यात सर्वांत स्वस्त काम आहे.

आणि शेवटची पायरी कामाची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव केल्या, पण प्रत्येकाला सरकारी नोकरी कुठून मिळणार? त्याबाबतीत आमचा परिसर भाग्यवान आहे. जोहे, हमरापूर आणि आसपासच्या गावांत वर्षभर मूर्तीकाम चालते. रंगकाम, दागिन्यांचे बारीक काम आणि डोळ्यांची आखणी ही सगळी बसून करायची, हाताची आणि नजरेची कामे. त्यात पाय लागत नाहीत. लागतो तो कारखान्याच्या दारात एक उतार, टेकायला योग्य उंचीचे टेबल आणि खुर्ची आत जाईल असा संडास. तीन-चार हजार विटांचेही काम नाही. कारखानदारांनी मनावर घेतले तर आमच्या तालुक्यात असा एकही हुशार हात रिकामा राहू नये. मात्र बसून काम करणाऱ्याला दर वीस मिनिटांनी बूड उचलायची आठवण शेजाऱ्याने करून द्यावी, ही माझी डॉक्टर म्हणून पुरवणी.

पेटकरांचा चित्रपट पाहून डोळे पुसणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे. तुमच्या आळीत, वाडीत, भावकीत कोणी अपघातानंतर खाटेवर पडून असेल. शोधलेत तर सापडेल. त्याला जिद्दीच्या गोष्टी सांगू नका, त्या त्याने ऐकलेल्या आहेत. त्याच्या घरच्यांना चार प्रश्न विचारा. कूस किती वेळाने बदलता? पाठ शेवटची कधी पाहिली? लघवीची नळी किती दिवसांपूर्वी बदलली? आणि हा घराबाहेर शेवटचा कधी आला? चारपैकी एकाचेही उत्तर अडखळत आले, तर त्याच आठवड्यात त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयात घेऊन या, आणि तिथे हे शिकवणारे कोणी नसेल तर ते का नाही, हेही तिथेच विचारा. लोकांनी विचारल्याशिवाय रिकामी पदे भरली जात नाहीत, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.